धाकट्या बहिणीची साथ
(शतकमहोत्सवी वारीत मिरज मुक्कामी रात्रीच्या भजनाआधी केलेले भाषण)



 मला कीर्तन सांगायची सवय हाय, भाषणाची न्हाई. कीर्तनात पुढं अभंग असतो, चुकलो तर अभंग सांभाळून घेतो. आज अभंग न घेता उभा राहिलोय, तवा मागं-पुढं झालं तर पदरात घ्या. कमिटीनं सांगितलं, शंभर वर्षांच्या पुस्तकात तुमचं एक भाषण पाहिजे, संतावर बोला. मी म्हटलं, संतावर बोलणारे मोठे मोठे महाराज हायत. मला मिरजेच्या मुक्कामाला एका बाईवर बोलू द्या. कमिटीतले एक जण म्हणाले, कोण बाई? म्हटलं, सरस्वतीबाई राणे. ते म्हणाले, आमच्यातल्या का? त्याचं उत्तर आज देतो.

आपली दिंडी शंभर वर्षं पन्हाळ्याच्या पायथ्यापासून निघते. जोतिबाच्या डोंगराला हात जोडायचा, कोल्हापुरात अंबाबाईला नमस्कार करायचा, पंचगंगा ओलांडायची आणि मिरजेला यायचं. हितनं पुढं सांगोल्याचं माळरान. आपल्याकडं पाऊस धरल्याला असतो, भाताची लावण चाललेली असते, आणि मिरज ओलांडली की पायाखाली फुफाटा. म्हंजे मिरज ही आपली ओल्या आणि कोरड्याच्या मधली उंबऱ्याची जागा. एवढी वर्षं हितं पिठलं-भाकरी खाल्ली, हरिपाठ म्हटला, झोपलो आणि पहाटे उठून निघालो. ह्या गावात काय झालंय ते कधी इचारलं न्हाई.

आता आपल्या वीणेकडं बगा. ही वीणा मिरजेची. तिचा भोपळा तडकला तवा सात वर्षांमागं मी आणि माझा थोरला भाऊ, आण्णा, दोघं येष्टीनं ती घेऊन हितं आलो होतो. तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत एका म्हाताऱ्या कारागिरांनी ती मांडीवर घेतली, टिचकी मारली आणि म्हणाले, भोपळा तुमच्या पंढरपूरकडचाच हाय महाराज, लागंल की परत. मला खरं वाटंना. तर त्यांनी सांगितलं, तंबोऱ्याचा मोठा कडू भोपळा भीमेच्या काठाला, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या अंगाला पिकतो. तिथनं मिरजेला येतो, वाळतो, कापतात, कोरतात आणि तंबोरा होतो, वीणा होते. आणि हे करणारे मूळचे शिकलगार. तलवारीला धार लावणारी माणसं. तलवारींचं काम सरलं, तवा फरीदसाहेब आणि त्यांच्या भावानं १८५० च्या सुमाराला वाद्यं करायला सुरवात केली. हत्यार करणाऱ्या हातानं वीणा केली. विठ्ठल विठ्ठल! म्हंजे आपण जी वीणा पंढरीला नेतो ती आधी पंढरीहूनच आलीया.

त्या कारागिरांनीच पहिल्यांदा ह्या दोघी बहिणींची गोष्ट काढली. वीणा दुरुस्त व्हायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत जे ऐकलं आणि पुढं आपल्या दिंडीतल्या निवृत्त गुरुजींनी जे वाचून दाखवलं ते सांगतो. तारखा त्यांनीच कागदावर लिहून दिल्यात.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब हे नाव तुमच्यातल्या पुष्कळांनी ऐकलं नसंल. पण भीमसेन अण्णांची संतवाणी ऐकली नाही असा वारकरी मला दाखवा. भीमसेन अण्णांचे गुरू सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे गुरू हे खाँसाहेब. म्हंजे आपल्या कानात जो विठ्ठल गातो त्याचा आजा गुरू हितं मिरजेत राहिला. १९३७ साली मद्रासकडं प्रवासात असताना देह ठेवला, आणि त्यांना हितं मिरासाहेबांच्या दर्ग्यात आणलं. अजून दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या नावानं गाणं होतं, आणि मोठे मोठे गवई तिथं झाडाखाली बसून हजेरी लावून जातात.

त्यांची बायको ताराबाई. बडोद्याच्या सरदार माने घराण्यातली मराठ्याची लेक. त्यांना पाच मुलं झाली. थोरला सुरेशबाबू, मग हिराबाई, आणि शेंडेफळ म्हंजे सरस्वती. १९१३ साली ४ ऑक्टोबरला ती ह्या मिरजेत जन्मली. हिराबाई १९०५ सालच्या, त्याही मिरजेच्याच. घरात हिराबाईंना चंपूताई म्हणायचे आणि धाकटीला छोटूताई. तिचं पाळण्यातलं नाव सकीना. १९२२ च्या सुमाराला ताराबाई नवऱ्यापासनं वेगळ्या झाल्या, पोरांना घेऊन बाहेर पडल्या आणि पोरांची नावं बदलली. सकीनाची सरस्वती झाली.

आमच्यातल्या का म्हणून इचारणाऱ्याला माझं उत्तर हे असं हाय माउली. बाप मुसलमान, आई मराठा, नाव सरस्वती, आणि जन्म जिथं वीणा तयार होते त्या गावात. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना आपण संत म्हणतो. कबीराला डोक्यावर घेतो. मग हिला कुठं बसवायचं ते तुम्हीच ठरवा.

आई एकटी आणि पोरं पाच. मिळवतं कोण? गाणं. सुरेशबाबूंनी भावंडांना शिकवलं. हिराबाई वहीद खाँसाहेबांकडं शिकल्या. त्या काळात बाईनं चारचौघांत बसून गाणं म्हंजे काय बोललं जायचं ते मी हितं सांगत न्हाई, आयाबहिणी बसल्यात. हिराबाईंनी काय केलं? अंगभर पदर घेतला, ताठ बसल्या, हातवारे न्हाईत, डोळे मोडणं न्हाई, नुसता सूर. आणि तिकीट लावून जाहीर गाणं केलं. ऐकायचं तर तिकीट काढून खुर्चीवर बसा, घरंदाज बायकांनाही घेऊन या. पुढं भावंडांनी नाटकशाळा काढली, त्यात बायकांची कामं बायकाच करायच्या. आपल्यातल्या म्हाताऱ्यांना आठवंल, आपल्या दिंडीत बायकांनी टाळ धरायचा का न्हाई ह्यावर किती भांडणं झाली. आता निम्मे टाळ त्यांच्याच हातात हायत आणि ताल त्याच सांभाळतात.

छोटूताई सातव्या वर्षी नाटकात उभी राहिली. सौभद्र, संशयकल्लोळ, एकच प्याला. सात वर्षांचं पोर! मी सातव्या वर्षी म्हसरामागं होतो, आणि चौथीनंतर कायमचा म्हसरामागंच राहिलो. ती पोरगी दिव्यासमोर उभी राहून पदं म्हणत होती. पुढं ती जयपूर घराण्याच्या नत्थन खाँसाहेबांकडं शिकली. हे अल्लादिया खाँसाहेबांच्या घरातले. आणि अल्लादिया खाँ म्हंजे आपल्या शाहू महाराजांच्या पदरचे, कोल्हापूरचे गवई. म्हंजे एक कान मिरजेचा आणि एक कान कोल्हापूरचा. मास्तर कृष्णरावांकडंही त्या शिकल्या. १९३३ पासून रेडिओवर गायला लागल्या, ते १९९० पर्यंत. सत्तावन्न वर्षं! आपली दिंडी शंभर वर्षांची, त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं ही बाई रेडिओवर गात होती, आणि आपण ऊस पाजताना ते ऐकत होतो.

आणि मग १९४३ साली ‘रामराज्य’ सिनेमा आला. सीतेचं काम शोभना समर्थ यांनी केलं, पण सीतेच्या गळ्यातनं गाणं निघालं ते सरस्वतीबाईंचं. वीणेला बोलायला सांगणारं गाणं. सगळ्या हिंदुस्थानात वाजलं. गांधीजींनी जो सिनेमा बघितला म्हणून सांगतात तो हाच. चाल शंकरराव व्यासांची. हे शंकरराव आपल्या कोल्हापूरचे, त्यांचे भाऊ नारायणराव व्यास मोठे गवई. आता इचार करा, तीस वर्षांची बाई, देशभर नाव झालेलं, रेडिओवर आवाज, सिनेमात गाणं. एकटी बसून गायली असती तर कुणाची ना होती?

हितंच मला सांगायचं ते येतं.

१९६५ पासून ही बाई थोरल्या बहिणीच्या शेजारी बसून गायला लागली. चंपूताई साठीच्या आणि छोटूताई बावन्न वर्षांच्या. दोघींच्या मागं तंबोरे, आणि दोघी मिळून एकच राग. त्याला गवई लोक जुगलबंदी म्हणतात. आधी पुरुष पुरुष असे बसायचे. शास्त्रीय गाण्यात बायकांनी अशी जोडीनं जुगलबंदी करायची पद्धत ह्या दोघींपासनं सुरू झाली, आणि त्याच्या रेकॉर्डी निघाल्या.

मला जुगलबंदी शब्द आवडत न्हाई. त्यात कुस्तीचा वास येतो. आपण कोल्हापूरची माणसं, जोड म्हटलं की आपल्याला खासबागचं मैदान आठवतं, कोण कुणाला चितपट करतो ते. गुरुजींनी मला मोबाईलवर ह्या दोघींचं गाणं ऐकवलं तवा मी त्याच कानानं ऐकायला बसलो, कोण वरचढ ते बघायला. पहिल्यांदा तर मला कोणचा आवाज कुणाचा ते कळंना. एकीचा सूर कुठं संपतो आणि दुसरीचा कुठं लागतो ते धरता येईना. दुसऱ्यांदा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकलं. रात्री मुक्कामाला पडल्या पडल्या कानाला लावून ऐकलं. आणि मग मला माझ्या आईचं जातं आठवलं.

आमच्या घरात पहाटे आई आणि चुलती जात्यावर बसायच्या. समोरासमोर, पाय पसरून, एकाच खुंट्याला दोघींचे हात. आईनं ओवीची सुरवात करायची, चुलतीनं उचलायची. आईचा दम सरायच्या आत चुलतीचा आवाज आलेला असायचा. त्यामुळं जातं कधी थांबायचं न्हाई. हात कुणाचा जोर करतोय ते जात्याला ठाऊक, आम्हा पोरांना न्हाई. आई आजारी असली की चुलती जास्त वढायची, पण बोलून दाखवायची न्हाई. जनाबाईनं देवाला दळायला बसवला म्हणतात ते ह्यासाठीच असंल, एकट्या हातानं दळण जड जातं. आणि बगा योग कसा, हिराबाईंनी सिनेमात जनाबाईचं काम केलंय.

तर ह्या दोघी बहिणी तशा गातात. थोरली सूर मांडते, धाकटी त्याच्याखाली हात घालते. धाकटीनं मनात आणलं असतं तर वर निघून गेली असती, गळा तयार होता, वयानं आठ वर्षांनी ल्हान. पण मला तरी कुठं ती वर निघून गेलेली ऐकू आली न्हाई.

आता आमच्या घरातलं सांगतो. आण्णा हितं पुढंच बसलेत, त्यांना इचारून सांगतोय.

आण्णा माझ्याहून चार वर्षांनी थोरले. भजनाची चाल मला त्यांनीच शिकवली. आबा गेल्यावर औत त्यांनी धरलं आणि मला म्हणाले, तुझा गळा बरा हाय, तू कीर्तन कर, मी मागं ध्रुपद धरतो. पंचवीस वर्षं माझ्या कीर्तनात माझ्या उजव्या अंगाला ते उभे होते. मी सुरवात केली की ते उचलायचे. माझा ठसका आला, शब्द विसरला, तर लोकांना कळायच्या आत आण्णांचं ध्रुपद सुरू असायचं. लोक म्हणायचे, महाराज काय रंगवतात! रंगवत कोण होतं?

मग माझं नाव झालं. लांबलांबनं बोलावणी यायला लागली, गळ्यात हार पडायला लागले. आणि लोक कीर्तन झाल्यावर आण्णांकडं जाऊन म्हणायला लागले, आण्णा, तुमचा आवाज काळजाला लागतो. मला ते खुपायला लागलं. खोटं कशाला सांगू, वीणेसमोर उभा हाय.

वारणेकाठच्या एका गावात सप्ता होता, काल्याच्या आदल्या रात्रीचं कीर्तन माझं. आण्णांची पट्टी काळी एक. त्याच्यावर त्यांचा गळा चढत न्हाई, हे मला माझ्या नावासारखं ठाऊक. मी पेटीवाल्याला डोळ्यानं खुणावलं आणि काळी तीन घेतली. मी वर गेलो. आण्णांनी उचलायचा प्रयत्न केला, आवाज फाटला. परत उचलायला गेले, परत फाटला. मागची तरणी पोरं हसली. आण्णांनी टाळ गुंडाळले, वीणेच्या पाया पडले आणि मंडपाबाहेर जाऊन बसले. मी कीर्तन पुरं केलं. लई रंगलं म्हणाले लोक.

त्यानंतर अकरा वर्षं आण्णा दिंडीत चालले, पण शेवटच्या ओळीत, सामानाच्या ट्रकच्या पुढं. टाळ न्हाई, ध्रुपद न्हाई. घरात बोलणं होतं, ऊसतोडीचं, पाळीच्या पाण्याचं, लग्नकार्याचं. गाण्याचं न्हाई. वहिनी मला एकदा म्हणाल्या, भाऊजी, ह्यांनी पहाटे काकडा म्हणायचं पण सोडलंय. मी ऐकून घेतलं आणि गप बसलो.

मग ती वीणा तडकली. वीणेकरी आजारी होते, कुणीतरी घरातल्यासारखं सांभाळून न्यायला पाहिजे म्हणून आम्हा दोघांवर आलं. मिरजेत त्या कारागिरांनी वीणा जोडली, तारा चढवल्या आणि सूर लावायला इचारलं, पट्टी कुठली? मी बोलायच्या आत आण्णा म्हणाले, ह्याला सोयीची लावा, काळी तीन. कारागीर हसले. म्हणाले, दोघं भाऊ गाता काय? मग त्यांनी ह्या दोघी बहिणींचं काढलं. म्हणाले, दोन माणसं गायची असली तर दोघांच्या गळ्याला झेपंल तिथंच तंबोरा लावावा लागतो.

परत येताना येष्टीत आण्णांनी वीणा मांडीवर घेतली होती, धोतराच्या सोग्यात गुंडाळून, लहान पोर घ्यावं तशी. जयसिंगपूर मागं पडलं तवा ते बाहेर बघत म्हणाले, त्या रात्री पट्टी मुद्दाम चढवलीस न्हवं?

मी म्हटलं, तुम्हाला कळलं होतं व्हय?

म्हणाले, पेटीवाल्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग सूर दिला. तवाच कळलं.

मला काय बोलावं सुचंना. येष्टीत माणसं होती म्हणून पाया पडता आलं न्हाई. स्टँडवर उतरल्यावर पडलो. ते म्हणाले, ऊठ, वीणा हाय हातात, धक्का लागंल.

माउली, ज्ञानोबा रुसून ताटी लावून आत बसले तवा धाकट्या मुक्ताईनं ताटी उघडायला लावली. आमच्यात उलटं झालं, थोरल्यालाच उघडावी लागली.

सरस्वतीबाई २००६ साली गेल्या, ९३ वर्षांचं आयुष्य. हिराबाई त्यांच्या आधी, १९८९ ला. हिराबाईंना पद्मभूषण मिळालं, १९७० साली. गानहिरा म्हणून सगळे त्यांना ओळखतात. सरस्वतीबाईंचं नाव सांगितलं की लोक म्हणतात, हिराबाईंची बहीण. आपल्या कमिटीनंही तसंच इचारलं, कोण बाई? एवढं स्वतःचं कमावलेलं असून जिनं ‘हिराबाईंची बहीण’ म्हणवून घेतलं, तिला त्याचं वाईट वाटलं असंल का न्हाई हे मी कसं सांगू. तिच्या गाण्यात तरी मला ते सापडलं न्हाई. हिराबाई गेल्यानंतर ती सतरा वर्षं जगली. जोडीतली एक गेल्यावर जातं कसं ओढायचं, हे माझ्या चुलतीला मी बघितलंय. आई गेल्यावर ती जात्यावर बसली, दोन ओव्या म्हटल्या, थांबली आणि म्हणाली, दळण गिरणीवर टाका.

म्हणून पोरांनो, तुम्ही नवीन कीर्तनकार हायसा, माईक चांगला मिळतो, गळा तयार हाय, मोबाईलवर तुमची कीर्तनं फिरतात. आमच्यापेक्षा तुमचं बरं हाय. एकच सांगतो, मागं उभ्या राहणाऱ्या टाळकऱ्याची पट्टी इचारल्याशिवाय पेटीला सूर मागू नका. आणि ज्या दोघी पोरी यंदा पहिल्यांदा चाल सांगणार हायत, सख्ख्या बहिणी, त्यांना मी काल सांगितलंय, मिरजेत आलो की दर्ग्याच्या दिशेनं हात जोडा, तुमची पायवाट हितल्या दोघी पाडून गेल्यात.

बोलणं लई झालं. चोपदार मघापासनं घड्याळाकडं बघायला लागलेत, पहाटे चारला उठायचं हाय आणि उद्याची मजल लांबची. वीणा आण्णांच्या गळ्यात घाला. आता त्यांचा आवाज पहिल्यासारखा राहिला न्हाई, माझाबी न्हाई. पट्टी आण्णा सांगतील, पेटीवाल्यानं तीच धरायची. मी मागं टाळ घेऊन उभा राहतो.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम, पंढरीनाथ महाराज की जय.